दुकानात नीट चालणारा प्लेअर

माझ्या धाकट्या जावेचा गाण्यांचा प्लेअर दुकानात नीट चालतो. घरी जेवणाच्या टेबलावर ठेवला तरी नीट चालतो. फक्त ज्या एका ठिकाणी तो चालायला हवा तिथे, म्हणजे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, सकाळच्या व्यायामाच्या वर्गात, तिच्या कमरेला, तो चालत नाही. गेले कित्येक आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नाही. मी सकाळी डोळे उघडते आणि पहिलं वाक्य कानावर येतं, "जाऊबाई, मेलं परत चार्जिंग संपलं!"

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. दोघींचे नवरे भाऊ होते, दोघंही गेले, आणि दोन घरांची दोन भाडी भरण्यात अर्थ नव्हता. मला शांतता लागते, तिला बोलायला माणूस लागतं. ही सोय तिची झाली, माझी नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हाताला सुई आहे. लवकरच ती एका कारखान्यात लागली. तिथे कॅमेऱ्यांची, दुर्बिणींची, चष्म्यांची कव्हरं बनत. चामड्याची, रेक्झिनची, आतून मऊ अस्तर लावलेली. तिथल्या मुकादमाची एक परीक्षा असे. वस्तू कव्हरात घालायची, झाकण उघडंच ठेवायचं आणि कव्हर उलटं धरून झटकायचं. वस्तू खाली पडली तर कव्हर नापास. जावेचं कव्हर कधी नापास झालं नाही. हे मी तिच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की तो मुकादम मला आता माझाच कुणी नातेवाईक वाटतो. "कव्हर म्हणजे वस्तूची कातडी," असं तो म्हणे. ती अजून म्हणते, रेनकोटाबद्दलसुद्धा.

मग फोनमध्येच कॅमेरा आला, लोक कॅमेरे विकत घेईनासे झाले आणि कारखाना बंद पडला. तेव्हापासून तिचा फोनवर राग आहे. फोन ती वापरते, पण बोलण्यापुरता. त्यात फोटो काढत नाही, गाणी ऐकत नाही, वेळसुद्धा बघत नाही. "माझी नोकरी खाल्ली त्याने. त्याला मी आणखी कामं देऊ?"

कारखान्यातून ती पाठ घेऊन आली. म्हणजे आयुष्यभर मशीनवर वाकून धरलेली पाठ. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी तिला खुर्चीवर बसून करायचे व्यायाम शिकवले. पाठ सुटल्यावर तिने ते कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींना शिकवले, मग इमारतीतल्या बायकांना, आणि बघता बघता हॉलमध्ये रोज सकाळी वर्ग सुरू झाला. फी नाही. अट एकच, खुर्ची आपापली उचलायची.

हा वर्ग म्हणजे तिचं सगळं आहे. हे मी चेष्टेत लिहीत नाही. कारखाना बंद झाल्यावरचं वर्ष मी पाहिलं आहे. खिडकीत बसून ती समोरच्या गॅरेजमध्ये किती गाड्या आल्या ते मला सांगत असे, आणि सांगायला गाडी नसली की गप्प बसे. ती गप्प बसली की घर कसं होतं ते मला माहीत आहे. त्यामुळे तिच्या बडबडीला मी कंटाळले तरी ती बंद व्हावी असं मला वाटत नाही.

तर, प्लेअर. काड्यापेटीपेक्षा जरा मोठं यंत्र. समोर छोटा पडदा, त्याखाली तीन बटणं: मागचं गाणं, थांबा-चला, पुढचं गाणं. वरच्या कडेला चालू-बंदची कळ. कळ सरकवली की पहिल्या गाण्यापासून आपोआप सुरू, आणि थांबा-चलाचं बटण दाबून धरलं तरी सुरू. त्याला स्वतःचा स्पीकर नाही; ब्लूटूथवरून ते हॉलच्या स्पीकरला जोडलं जातं, नाही तर कानात वायर घालून ऐकायचं. तिच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, दूरदेशाहून पाठवलं आणि त्यात वर्गासाठी वाद्यांची गाणी क्रमाने भरून दिली. व्यायामांची नावं बायकांना येत नाहीत, गाणी येतात. हातांचं गाणं, खांद्यांचं गाणं, उठाबशीचं गाणं, घोट्यांचं गाणं आणि शेवटी झोपेचं गाणं. झोपेचं गाणं लागलं की सगळ्या डोळे मिटून खुर्चीत सैल पडतात. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई तर खरंच घोरतात.

सुरुवातीला ते टेबलावर ठेवत. एकदा कुणाच्या तरी पर्सचा धक्का लागून ते खाली पडलं आणि कोपरा चिरला. त्याच दिवशी जावेने जुन्या रेक्झिनचा तुकडा काढला, मोजमाप घेतलं आणि प्लेअरला कव्हर शिवलं. कमरेच्या पट्ट्यात अडकवता येईल असं. वरच्या कळीसाठी नेटकी फट ठेवली. समोरून झाकण, झाकणाला टिचबटण. मग झाकण उघडून, उलटं धरून झटकलं. पडलं नाही. "पास," म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत प्लेअर बिघडला.

बिघडला म्हणजे कसा, तर मध्येच उडी मारायचा. बायका खांदे फिरवत असायच्या आणि एकदम झोपेचं गाणं. सगळ्या सवयीने डोळे मिटून सैल. जाऊ ओरडे, "अगं उठा, अजून कुठे झोपता! घोटे राहिलेत!" तोवर गाण्याने आणखी उडी मारून पुन्हा पहिलं गाणं सुरू केलेलं असे. एकदा उठाबशी चालू असताना अर्ध्या बायका उभ्या, अर्ध्या बसलेल्या आणि गाणंच बंद. त्या उभ्यांनी बसायचं की बसलेल्यांनी उठायचं, यावर जे भांडण झालं ते जिन्यापर्यंत गेलं. शिवाय रोज रात्री चार्ज करून ती कव्हरासकट उशाखाली ठेवी, आणि सकाळी चार्जिंग निम्म्याहून कमी.

पुतण्याला फोन लावला.

"आई, बंद करून परत चालू केलंस का?"

"तुला वाढवताना मी एकदा तरी तुला बंद करून परत चालू केलं का?"

"आई, प्लीज. काकूंना दे फोन."

काकू म्हणजे मी. मग तो मला सांगणार, मी तिला सांगणार, ती मला उलट विचारणार आणि मी त्याला. त्याने स्पीकरपासूनचं अंतर विचारलं. मी खाली जाऊन पावलं टाकून आले. त्याने हॉलमध्ये आणखी कुणाचा ब्लूटूथ चालू असतो का ते विचारलं. दुसऱ्या दिवशी जावेने वर्गाच्या दारात सगळ्यांचे फोन काढून घेतले आणि एका पातेल्यात ठेवले. झाकण लावून. प्लेअरने उडी मारलीच.

मग दुकान. कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीवाला आहे. त्याने प्लेअर हातात घेतला, कव्हरातून काढायला त्याला बरीच खटपट करावी लागली, मग वाजवून पाहिला.

"आजी, हे उत्तम चालतंय."

"आजी तुझ्या घरी. माझ्याकडे नाही चालत."

"इथे तर चालतंय."

"मग वर्ग इथेच घेते. हे चार्जर उचल काउंटरवरचे, सगळ्यांना बोलावते."

त्याने घाबरून बॅटरी बदलली. पुन्हा नेला तेव्हा त्याने आतलं सगळं पुसून नव्याने भरायचा उपाय केला. गाणी पुतण्याने परत पाठवली. पण त्या पुसापुशीत प्लेअरची भाषा बदलली. पडद्यावर अशी अक्षरं यायला लागली की ती वरून वाचायची की बाजूने, तेही आम्हाला कळेना. मी भिंग घेऊन बसले. एकेक ओळ दाबायची, काय होतं ते पाहायचं आणि मागे यायचं. कधी पडद्याचा उजेड जाई, कधी रेडिओची खरखर सुरू होई. भाषा सापडली तेव्हा मला शाळेत बक्षीस मिळाल्यावर व्हायचा तेवढा आनंद झाला. जाऊ म्हणाली, "त्यात काय, मला बघून बघून कळायला लागलं होतं."

या सगळ्यात आणखी एक कटकट उभी राहिली. इमारतीत एक तरुण शिक्षिका राहायला आली होती. तिला आम्ही ट्रॅकसूटवाली म्हणतो, कारण आम्ही तिला दुसऱ्या कपड्यांत पाहिलेलं नाही. मुलगी चांगली आहे. तिलाही व्यायामाच्या वर्गासाठी सकाळचा हॉल हवा होता. सेक्रेटरी, म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले, आमच्याकडे आले. बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "वहिनी, तक्रारी येतायत. गाणं थांबतं, बायका भांडतात, एकजण पडता पडता वाचली. तुम्ही दुपारी घ्या वर्ग."

"दुपारी माझ्या बायका नातवंडांना शाळेतून आणायला जातात."

"ते मला माहीत नाही. शनिवारी मी स्वतः येऊन बसतो. शनिवारी गाणं नीट चाललं तर सकाळ तुमची. नाही तर त्या मुलीची."

ते गेल्यावर जाऊ खिडकीत जाऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "गॅरेजमध्ये पांढरी गाडी आलीये."

बुधवारी तिने मला कामाला लावलं. "जाऊबाई, तुमचे कान चांगले आहेत. सगळी गाणी एकदा ऐका, कुठे खरखर आहे का बघा. मी चहा टाकते. मग दुकानात जाऊन येऊ परत." मी कानात वायरचे इयरफोन घातले आणि टेबलाशी बसले. हातांचं गाणं स्वच्छ. खांद्यांचं सुरू झालं, तेही स्वच्छ.

"झालं का? चला, घाला त्याला कव्हरात," ती चपला घालत म्हणाली.

कानातलं न काढताच मी प्लेअर कव्हरात ढकलला. ढकलला हाच शब्द बरोबर, कारण तो सहज जात नाही. झाकण ओढलं, अंगठ्याने टिचबटण दाबलं. टिच. आणि माझ्या कानात खांद्यांचं गाणं तुटून उठाबशीचं सुरू झालं.

मी झाकण उघडलं. पुन्हा दाबलं. टिच. घोट्यांचं गाणं.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर सांगत, एखादी गोष्ट बिघडली की ओरडायच्या आधी विचारायचं, बिघडण्यापूर्वी काय बदललं? इतके दिवस मी बॅटरी, भाषा, ब्लूटूथ आणि लोकांचे फोन यांच्यामागे धावले, आणि टिचबटण बरोबर पुढच्या गाण्याच्या बटणावर बसत होतं. वर्गात ती वाकली की पोटाचा दाब कव्हरावर पडे आणि गाणं पुढे जाई. दाब जरा बाजूला पडला की थांबा-चलाचं बटण दाबलं जाई आणि गाणं बंद होई. रात्री उशाखाली डोक्याचा दाब पडे आणि प्लेअर रात्रभर एकटाच गात बसे. आणि दुकानदार काय, मी काय, पुतण्या काय, तपासायचं म्हटलं की आधी कव्हर काढायचो. घरी ती झाकण लावी तेव्हा प्लेअर बंद असे. वर्गात तो वरच्या फटीतून चालू होई. झाकण दाबताना गाणं वाजत असण्याची वेळ त्या दिवसापर्यंत आलीच नव्हती.

"अगं इकडे ये! सापडलं!"

मी तिला कानात घालायला लावलं, टिच करून दाखवलं. तिने ऐकलं. तिचा चेहरा अजिबात बदलला नाही.

"तुमचं बोट लागलं असेल."

"बोट कुठे लागतंय? आत प्लेअर, वर रेक्झिन, त्यावर टिचबटण. तूच दाब."

तिने दाबलं. गाणं पुढे गेलं. तिने कानातून इयरफोन काढले आणि वायर अगदी नीट गुंडाळली.

"माझं शिवण कुणी आजपर्यंत परत पाठवलं नाही जाऊबाई."

"अगं, कारण तू चष्म्याची कव्हरं शिवत होतीस. चष्म्याला बटणं असतात का? कितीही घट्ट शिव, चष्मा काही बोलत नाही!"

हे मी बोलायला नको होतं असं आता म्हणता येईल, पण तेव्हा माझा संयम संपला होता. ती चहा न पिता आपल्या खोलीत गेली. दुकान राहिलं.

गुरुवारी तिने माझ्याशी अबोला धरला. अबोला म्हणजे ती माझ्याशी बोलत नव्हती, भांड्यांशी बोलत होती. "काही लोकांना वाटतं, शिकलं की सगळं कळतं." भांडं आपटलं. "एक टाका घालून दाखवा म्हणावं." दुसरं आपटलं. मी शेवटी म्हटलं, "बाई, शनिवारपुरता तो प्लेअर खुर्चीवर ठेव. कव्हराशिवाय. एवढंच मागते."

"आणि पडला तर? परत चिरला तर? उघडा ठेवू त्याला? सगळ्यांसमोर?"

जणू मी तिला स्वतःलाच उघड्यावर बसायला सांगत होते. "मग वर्ग गेला तरी चालेल?"

खोलीचं दार लागलं. मला खरंच वाटलं, की ही बाई एका टिचबटणासाठी सगळ्यावर पाणी सोडणार. शुक्रवारी वर्ग तिने बंद ठेवला. पाठ दुखते असं सांगून दिवसभर खोलीतच राहिली. जेवायला आली, जेवली, गेली. मशीनचा आवाज आला, पण ती कायम काहीतरी शिवतच असते.

शनिवारी मी मागच्या रांगेत बसले. सेक्रेटरी पुढे, शेजारी ट्रॅकसूटवाली, बिचारी अवघडून. जाऊ आली. कमरेला पट्टा, पट्ट्याला तेच काळं कव्हर, झाकण बंद. मी डोळे मिटून घेतले.

तिने फटीतून कळ सरकवली. हातांचं गाणं. मग खांद्यांचं. ती पुढे वाकली तेव्हा पोस्टातल्या बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की त्यांची नखं लागली. गाणं चालू राहिलं. उठाबशीचं सुरू झालं. ती खाली-वर, खाली-वर. मी गाण्याकडे कान लावून मोजत बसले होते, व्यायाम माझ्याकडून झालाच नाही. मध्ये एकदा गाण्यात नेहमीची जरा लांब शांतता येते, तीही आज इतकी लांब वाटली की ट्रॅकसूटवालीनेसुद्धा मान वर केली. मग पुन्हा वाद्यं वाजली.

"साहेब, नुसते बघता काय, करा की!" जाऊ सेक्रेटरींना म्हणाली. त्यांनी एक उठाबशी केली. गुडघा असा वाजला की मागपर्यंत ऐकू आला.

"हा आवाज प्लेअरचा नाही बरं का," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या, तेही हसले.

घोट्यांचं गाणं झालं. झोपेचं लागलं. सगळ्या सैल पडल्या. या वेळी बरोबर वेळेवर. सेक्रेटरी उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "ठीक आहे. सकाळ तुमची." त्या मुलीला संध्याकाळचा हॉल मिळाला. तिने जाताना जावेला विचारलं, "काकू, नक्की काय बिघडलं होतं?"

आता, मी मागे उभी होते. मी काही मागितलं नव्हतं. पण ती माझ्याकडे एकदा तरी बघेल असं मला वाटलं.

"काही नाही गं," जाऊ म्हणाली, "त्या दुकानवाल्याने शेवटी नीट केलं. तसा हुशार आहे तो."

मी माझी खुर्ची उचलली. जिना चढताना तिने दोन्ही मजले बडबड केली.

घरी ती आंघोळीला गेल्यावर मी पट्टा हातात घेतला. टिचबटण समोर नव्हतं. झाकण आता बाजूला वळून कडेला लागत होतं, जिथे प्लेअरला एकही बटण नाही. जुन्या जागी त्याच रेक्झिनची चकती इतक्या बारीक टाक्यांनी बसवली होती की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हती. आतल्या अस्तराला तिन्ही बटणांपुरती गोल जागा कापून सोडली होती. मी ते उलटं धरून झटकलं. पडलं नाही.

संध्याकाळी तिने माझ्यासमोर टेबलावर काहीतरी ठेवलं. माझ्या फोनसाठी कव्हर. त्याच काळ्या रेक्झिनचं, आत निळं अस्तर.

"तुमच्या फोनलाही बाजूला बटणं आहेत ना," ती म्हणाली, "म्हणून टिचबटण मागे लावलंय." आणि लगेच स्वयंपाकघरात गेली.

मी फोन त्यात घातला. सुरेख बसला. थोड्याच वेळात तो वाजला. पुतण्या असणार, शनिवारचं काय झालं ते विचारायला. मी झाकण उघडलं आणि फोन ओढला. तो येईना. उलटा धरून झटकला. वाजतोय, पण हलत नाही. गुडघ्यांत धरून ओढला.

"अहो, उचला की जाऊबाई!" आतून आवाज आला. "वाजतोय कधीचा!"